नवा जिल्हा, दुसरी बाजू

लातूर,
२१ फेब्रुवारी २०१६

चि. साहेबा,
आक्काचा जयभीम.

डॉक्टरनं तुला बोलायची बंदी केली आणि फोनवर तू नुसता खाकरतोस, म्हणून हे पत्र. मोबाइलवर टाईप करायला संघमित्रा शिकवते, पण नातीनं सकाळी शिकवलेलं आजीच्या डोक्यातून दुपारपर्यंत निघून जातं. चतुरा म्हणाली, गळ्यात गाठ आहे, काढली की झालं. मग काढ की लवकर! पोरांना वर्गात गप्प बसा म्हणायला तरी आवाज पाहिजे ना तुला.

इकडची हालहवाल विचारू नको. नळ कोरडा, बोअर कोरडं, आणि गल्लीत टँकर आला की शेजारधर्म संपला. परवा माझी घागर रांगेतून सरकवली म्हणून मी एका प्राध्यापकाच्या बायकोशी भांडले. तीही कमी नव्हती.

आता मुद्द्याचं. बंगलोरच्या कुठल्याशा तबकड्या काढणाऱ्या पोरांकडून तुझ्या नावानं माझ्या पत्त्यावर पार्सल आलंय. तुमच्या बँडमधला तो गिटारवाला श्रीमंत, त्यानं पत्ता दिला म्हणे, कारण तू त्या लोकांना उत्तरच देत नाहीस. उघडलं तर काय, तुमची ती तबकडी! 'नवा जिल्हा', लातूर जिल्हा झाला तेव्हाची. वर तुम्हा चौघांचा तोच फोटो, तू बेलबॉटम घालून कोरड्या विहिरीच्या काठावर उभा. कव्हर मात्र नवंकोरं. त्या पोरांना हैदराबादच्या जुन्या बाजारात एक तबकडी सापडली आणि ती त्यांना एवढी आवडली की पुन्हा छापायची आहे. ही नमुन्याची पाठवली. गाणाऱ्याची सही आल्याशिवाय बाजारात काढणार नाहीत. सोबत सहीचा कागद आहे.

मराठवाड्यातला पहिला रॉक, असं लिहिलंय पत्रात. मी हसले. भाऊ, मी तो रॉक ऐकलाय. माझ्या सासरच्यांनीही ऐकलाय. लग्नाला वर्ष झालं नव्हतं माझ्या, आणि पुढं कित्येक वर्षं सासूबाई घरात काही बिनसलं की म्हणायच्या, "रेड्याची बहीण हाय ती, तिला काय सांगता?" आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं तेव्हाच मनाला समजावलं होतं.

पाठवू का तुझ्याकडे? सही करतोस का?

तुझी आक्का

*

नांदेड,
१ मार्च २०१६

ती. आक्का,
सविनय जयभीम.

ती तबकडी वाजवू नकोस. पाठवूही नकोस. माळ्यावर टाक. सही मी करणार नाही, तसं श्रीमंतला कळवलं होतं, पण त्याला कुठलीही गोष्ट एकदा सांगून कळत नाही. गाण्याच्या तालमीतही तसंच होतं.

चतुरानं तुला अर्धंच सांगितलं. ती सगळ्यांना अर्धंच सांगते, रडू येऊ नये म्हणून. गाठ एकटी निघत नाही. तिच्याबरोबर आवाजाची पेटीच काढावी लागते. मग गळ्याला पुढून भोक ठेवतात, श्वास तिथून. बोलणं बंद. काही यंत्रं असतात म्हणे गळ्याला लावायची, डॉक्टरांनी एका माणसाला माझ्यासमोर त्यावर बोलायला लावलं. त्यानं "नमस्कार गुरुजी" म्हटलं आणि मला बाहेर येऊन बाकावर बसावं लागलं.

नाही काढली तर वर्ष, फार तर दीड. तेवढे दिवस आवाज राहील, घोगरा, पण माझा.

मी अजून हो म्हटलेलं नाही. उलट नाहीच म्हणावं असं वाटून राहिलं आहे. आक्का, मी तीस वर्षं बोलण्याचाच पगार घेतला. पोरांचा हजेरीपट मी तोंडानं म्हणतो, पाढे तोंडानं म्हणून घेतो. फळ्यावर लिहिणाऱ्या मुक्या मास्तरला पाचवीची पोरं किती दिवस सांभाळून घेतील? आणि घरी बायकोला 'चतुरा' अशी हाक मारायची तर टाळ्या वाजवू का?

तू समजूत घालायला येऊ नकोस. तिथून निघालीस तर तुझ्या घरचं पाणी कोण भरेल.

साहेबराव

*

लातूर,
२२ मार्च २०१६

साहेबा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही. सुनेला म्हटलं, डोकं दुखतंय. तेव्हाच उत्तर लिहायला बसले होते, तर सगळा कागद शिव्यांनी भरला. तो फाडला. मग पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होतात म्हणून कलेक्टरनं जमावबंदी लावली. पाचजणी जमायच्या नाहीत. घागर घेऊन एकेकटी जा, म्हणजे भांडायलाही कोणी नाही.

तुझ्या दुखण्याचं पुढं लिहिते. आधी दुसरी गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय मला चैन नाही. सही करू नकोस! चुकूनही नको. ही बंगलोरची पोरं लबाड आहेत.

तू वाजवू नको म्हणालास, पण तुझं पत्र यायच्या आधीच मी वाजवून बसले होते. आमच्या शेजारचे बसवंतअप्पा तुला माहीत आहेत, लग्नात सनई-चौघड्याच्या तबकड्या लावायचे ते. त्यांच्याकडे अजून मशीन आहे, रोज पुसतात. मी म्हटलं, अप्पा, हे माझ्या भावाचं, हसायचं नाही. त्यांनी चष्मा लावून तबकडीवरचं बारीक अक्षर वाचलं, मशीनचं बटण फिरवलं आणि सुई ठेवली.

साहेबा, तो तू नाहीसच. दुसराच कोणी पोरगा गातोय! आवाज बारीक, कडक, धारदार. गिटार तर अशी की अप्पांच्या खिडकीचं तावदान थरथरलं. ढोल धावतोय. आणि शब्द एकन् एक कळतो:

नवा जिल्हा, नवी पाटी,
हंडा जुना माझ्या माथी.
आक्का, हंडा ठेव खाली,
साहेब म्हणतो, नदी आली!

तो मेला मला आक्का म्हणाला तेव्हा तर माझं डोकंच फिरलं. कोण कुठला, मला आक्का म्हणणारा? माझा भाऊ गातो तो मी ऐकलाय, माझ्या या कानांनी, आपल्या गावी मुरुडला, भीमजयंतीत. जाडाभरडा, ओढत ओढत, एका ओळीला अर्धा दिवस. शब्द कळेना, ताल कळेना, सगळी वस्ती पोट धरून हसत होती. एक बाजू संपली तर वाटलं सुटलो. तर मशीनवर बसलेल्या आपल्या बाबांनी दुसरी बाजू लावली! माझे सासरे उठून गेले. ते मी विसरेन का?

म्हणजे या लोकांना कव्हर तुमचं पाहिजे, नाव तुमचं पाहिजे, आणि गाणारा चांगला पाहिजे. उद्या लोक म्हणतील वा साहेबराव, आणि गाणारा वेगळाच. तुझा आवाज वाईट तर वाईट, पण तो तुझा आहे. त्यावर दुसऱ्याचा आवाज चढवणारे हे कोण? मी त्यांना पत्र लिहिणार आहे. संघमित्रा इंग्रजीत करून देते म्हणाली.

एक मात्र आहे. गाणं सुरू व्हायच्या आधी तो पोरगा खाकरतो, ते अगदी बाबांसारखं. हुबेहूब. कुठून शिकला कोण जाणे.

आणि ऑपरेशन. तू नाही म्हणणार म्हणतोस. मला वाचून एवढंच कळलं की तुला मरण चालेल पण गप्प बसणं चालणार नाही. हा कुठला हिशेब?

आक्का

*

नांदेड,
२८ मार्च २०१६

ती. आक्का,

त्या पोरांना पत्र टाकू नकोस. टाकलं असशील तर लगेच दुसरं टाक. ती लबाड नाहीत. तो मीच आहे.

हे कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण तू त्यांच्यावर चोरीचा आळ घ्यायला निघालीस, म्हणून लिहितो.

आमची तबकडी मोठी होती, ताटाएवढी. मोठी तबकडी तेहतीसच्या वेगावर लावायची, लहान असेल तर पंचेचाळीस. साऱ्या जगाचा हाच रिवाज, आणि बाबांनी मशीन घेतलं तेव्हा दुकानदाराकडून एवढंच पाठ करून घेतलं होतं. मुंबईला ध्वनिमुद्रण करणारा माणूस आम्हाला म्हणाला, गाणी सहाच आहेत, मोठ्या तबकडीवर पंचेचाळीसच्या वेगानं कापू, गिटार कडक वाजेल. आम्ही बावीस वर्षांचे, कडक म्हटल्यावर हो म्हटलं. वेगाचा आकडा मधल्या गोल कागदावर छापला होता. इंग्रजीत, मुंगीएवढा.

जयंतीच्या आदल्या रात्री मी नांदेडहून निघू शकलो नाही, तबकडी माणसाबरोबर पुढं पाठवली. मी वस्तीत पोचलो तेव्हा सुई ठेवलेली होती. बाबांनी मोठी तबकडी बघितली आणि बटण तेहतीसवर फिरवलं. त्यांना शिकवलं होतं त्याप्रमाणे बरोबरच. गाडी पहिल्या गिअरमध्ये घाट चढते तसा माझा आवाज येत होता.

मला पहिल्या ओळीतच कळलं. स्टेजपर्यंत चार ढांगा होत्या. एक बटण फिरवायचं होतं.

आता त्या वर्षाची आठवण कर. मुरुडात लाऊडस्पीकरचा सेट म्हटलं की गुरुलिंगचाच. लग्न, उरूस, जयंती, सगळीकडे तोच. बाबांनी त्या वर्षी शेळ्या विकून सेट आणला होता आणि वस्तीनं पहिल्यांदा काम घरच्या माणसाला दिलं होतं. गुरुलिंग मुद्दाम ऐकायला आला होता, मागं मोटारसायकलला टेकून उभा. बाबा नवा पांढरा सदरा घालून मशीनपाशी, कुणाला हात लावू देत नव्हते. मी वर जाऊन बटण फिरवलं असतं तर साऱ्या मुरुडाला काय दिसलं असतं? ग्यानोबाला त्याचं मशीन चालवता येत नाही, पोरगा येऊन शिकवतो. मग पुढचं लग्न कुणी दिलं असतं त्यांना? आणि तेव्हा पाऊस नव्हता, दुसरं काम नव्हतं.

मी विचार करत उभा राहिलो आणि गाणं संपलं. वाटलं, उद्या एकटे असताना सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं वायरी गुंडाळत होतो. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "लोकायचं काय मनावर घेतो? हासू दे. पर मशीन लई झकास चाललं, न्हाई का? येकदा बी अडकलं न्हाई."

मी म्हटलं, "हाव बाबा. झकास चाललं."

त्यानंतर कसं सांगणार, तूच सांग. बाबा होते तोवर सांगता आलं नाही, आणि ते गेल्यावर सांगणं म्हणजे माघारी चुगली. मी पुन्हा गायलो नाही. तीही काही मोठी गोष्ट नाही, मास्तरकीत गळा लागतच होता.

म्हणून सही नको. उद्या ही तबकडी बाजारात आली की मुरुडातला एखादा शहाणा नक्की म्हणेल, अरे, म्हणजे त्या दिवशी ग्यानोबानं घोळ घातला होता.

डॉक्टरांनी पाच एप्रिल धरून ठेवली आहे. मी अजून काही बोललो नाही.

साहेबराव

*

लातूर,
१ एप्रिल २०१६

साहेबा,

हे पत्र टपालात टाकत नाही, माझ्या पोराचा मित्र नांदेडला निघालाय, त्याच्या हाती देते. तो हातात देईल आणि तू वाचेपर्यंत उभा राहील. तसं सांगितलंय.

मी पुन्हा बसवंतअप्पांकडे गेले. त्यांना म्हटलं, आधी तेहतीसवर लावा. त्यांनी कपाळाला हात लावला, पण लावली. आला की रेडा! तोच, मुरुडचा. मग पंचेचाळीसवर. मग पुन्हा तेहतीस. असं तीनदा केलं, अप्पा म्हणाले सुई झिजेल. पंचेचाळीसवर तू आक्का म्हणालास तेव्हा मी पदर तोंडात धरला. तो पोरगा मलाच आक्का म्हणत होता रे. बावीस वर्षांचा माझा भाऊ माझ्या डोक्यावरचा हंडा खाली ठेवायला सांगत होता, आणि मी तो चोर म्हणून त्याच्यावर फौजदारी करायला निघाले होते.

मला तुझा राग आलाय. खूप आलाय. रेड्याची बहीण म्हणून मी ऐकून घेतलं, त्याचं जाऊ दे. पण तू एवढा चांगला गात होतास आणि आम्हाला कळू दिलं नाहीस! मला एकटीला सांगितलं असतंस तर मी काय मुरुडात दवंडी पिटणार होते? (पिटली असती कदाचित. तेव्हा मला तोंड आवरत नव्हतं.)

आता ऐक. मी सातवी शिकलेली, तुझ्यासारखं मांडून लिहिता येत नाही. तू म्हणतोस आवाज गेल्यावर मी कसा जगू. अरे, गप्प राहून कसं जगायचं हे तुझ्याइतकं कुणाला येतं? बापासाठी तू सगळ्यात मोठी गोष्ट पोटात ठेवलीस आणि वर संसार केलास, पोरं शिकवलीस, बाबांना शेवटपर्यंत सांभाळलंस. त्यांना एका शब्दानं कळू दिलं नाहीस. जे बापासाठी केलंस ते आता चतुरासाठी कर. माझ्यासाठी कर. मी तुझ्याहून मोठी आहे, मला तुझ्या आधी जायचंय. रांग मोडू नकोस, इथं रांग मोडणाऱ्याचं काय करतात ते मी रोज बघते.

आणि आवाज गेला गेला काय करतोस? तो माझ्या घरात टेबलावर आहे. नवाकोरा. त्याला गाठ नाही की काही नाही.

पाच तारखेला जा. या पोराच्या हाती हो किंवा नाही लिहून पाठव. नुसतं हो लिहिलंस तरी चालेल.

आक्का

ता. क. जयंती यंदा सव्वाशेवी आहे. मी मुरुडला जाणार, तबकडी घेऊन. बसवंतअप्पा मशीनसकट येतो म्हणालेत. बाबांच्या अब्रूची काळजी माझ्यावर सोड.

*

नांदेड,
९ एप्रिल २०१६

ती. आक्का,
चतुराचा जयभीम.

तुम्ही धाडलेल्या पोराच्या हाती 'हो' पाठवला होता तो मिळाला असेलच. पाच तारखेला नेलं. आत नेताना ते सगळ्यांशी बोलत होते, वॉर्डबॉयशीसुद्धा. त्याला त्याच्या गावाचं नाव विचारलं, हिमायतनगर म्हणाला, तर तिथली कुठली शाळा, कोण मास्तर, सगळं विचारून झालं. मग माझ्याकडे बघून, "चतुरा, येतो," म्हणाले. एवढंच शेवटचं.

डॉक्टर म्हणतात सगळं निघालं. काल पाटीवर लिहायला लागले. पहिलं लिहिलं ते चहा. दुसरं लिहिलं, आक्काला सांग, मुरुडात बटणाचं नाव काढायचं नाही.

रात्री ते झोपले की मी उठून त्यांचा श्वास ऐकते. आवाज वेगळाच येतो, शिट्टीसारखा. सवय होईल.

चतुरा

*

लातूर,
१६ एप्रिल २०१६

साहेबा,

बटणाचं नाव काढलं नाही. आधी हेच सांगते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल.

बारा तारखेला इथं रेल्वेनं पाणी आलं. मिरजेहून. लोक बघायला गेले होते, इंजिनाला हार घातले. आमच्या गल्लीत अजून थेंब आलेला नाही, पण पेपरात आला. मला तुझी ओळच आठवली, साहेब म्हणतो, नदी आली. तू तेव्हा लिहिलंस आणि पाणी मात्र आत्ता, तेही रुळावरून.

चौदाला मुरुड. दुष्काळ म्हणून यंदा पोरांनी डीजे लावला नव्हता, मिरवणूक साधीच. संध्याकाळी भाषणं झाल्यावर मी अध्यक्षांना म्हटलं, ग्यानोबाची लेक आहे, मला थोडा वेळ पाहिजे. बसवंतअप्पांनी मशीन मांडलं, चष्मा पुसला. मी खुर्ची घेऊन मशीनला लागूनच बसले, कुणी बटणाकडे बघू नये म्हणून पदर पसरून.

सुरू झालं तशी पोरं उठून पुढं आली. तुझी ओळ दुसऱ्यांदा आली तेव्हा त्यांना पाठ झाली होती, साहेब म्हणतो म्हटलं की सगळी मिळून नदी आली! बायकासुद्धा. एक पोरगी मला विचारते, आजी, हे कुणाचं नवीन गाणं?

आणि मग जे व्हायचं ते झालं. केरबातात्या अजून आहेत, नव्वदीचे. काठी आपटत आले. म्हणाले, "सुमन, ह्यो साहेबराव? मग तवा आमी काय आयकलं? रेडा वरडल्यावाणी वाजलं होतं की. ग्यानोबाच्या मशीनची गडबड होती काय गं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "न्हाई तात्या. तबकडी नवी होती. एप्रिलच्या उन्हात टेबलावर ऱ्हायली आन् वाकली. मशीन झकास होतं. येकदा बी अडकलं न्हाई."

तात्यांनी मान हलवली. म्हणाले, "हाव. ग्यानोबाचं मशीन कधी अडकायचं न्हाई."

बस. एवढंच झालं. येताना टेम्पोत मी मुरुडच्या वेशीपासून लातूरपर्यंत रडले, अप्पा बिचारे खिडकीबाहेर बघत बसले. तू असायला पाहिजे होतास. तू मागं मोटारसायकलला टेकून उभा असतास तरी चाललं असतं.

तबकडी पाठवते. सहीचा कागदही. आता तुझी मर्जी.

आक्का

*

नांदेड,
२९ एप्रिल २०१६

ती. आक्का,

सही केली. कागद आजच बंगलोरला टाकला.

चतुरानं कुणाकडून तरी मशीन मागून आणलं. माझी पोरं कामाला गेल्यावर आम्ही दोघंच होतो. पंचेचाळीसवर ऐकली. चतुरा म्हणाली, मी याच माणसाशी लग्न केलं का? मी पाटीवर लिहिलं, याच. ती पुसायला तयार होईना, म्हणून ती पाटी अजून तशीच आहे, मी दुसरी घेतली.

दिवस बरे नाहीत, खोटं कशाला लिहू. गळ्यातलं भोक आरशात बघवत नाही. परवा शाळेतली पोरं भेटायला आली, मी काही बोलेन म्हणून वाट बघत उभी राहिली आणि मग घाबरून गेली. जूनमध्ये शाळेचं काय होतं बघू. काही वेळा सकाळी जाग आल्यावर मी तोंड उघडतो, आणि मग आठवतं.

पण एक सांगायचं आहे. काल चतुरा बाजारात गेली तेव्हा मी तबकडी तेहतीसवर लावली. बाबांनी लावली होती तशी. पूर्ण ऐकली. रेडाच आहे गं, तुझ्या सासूबाईंचं काही चुकलं नव्हतं. सहन होत नाही. पहिली बाजू संपली आणि मी सुई उचलायला हात पुढं केला.

तेव्हा तुझ्या पत्रातलं आठवलं. तू वैतागून लिहिलं होतंस, एक बाजू संपली तर बाबांनी दुसरी लावली. मी त्या दिवशी तिथंच उभा होतो आणि हे माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. मला फक्त लोक हसताना आठवत होते. सगळी वस्ती हसत होती, तुझे सासरे उठून चालले होते, गुरुलिंग मागं उभा होता. बाबांना मशीनची अब्रू वाचवायची असती तर त्यांनी तिथंच सुई उचलली असती आणि दुसरं काही लावलं असतं.

त्यांनी ती हातात घेतली, नव्या सदऱ्याच्या बाहीनं पुसली, उलटी केली आणि पुन्हा लावली. त्यांना तो आवाज ऐकायचा होता, आक्का. जसा येत होता तसा.

मीही काल दुसरी बाजू लावली.

साहेबा